वाघाची वाट आणि विजेची वेळ

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या किनवट तालुक्यातील रानातून एक नर वाघ बाहेर पडला. वय अदमासे सहा ते आठ वर्षांचे. तो दक्षिणेकडे तेलंगणात उतरला, आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ भागात दिसला, तेथून निर्मल जिल्ह्यातील कुंटाला, सारंगापूर, मामडा, पेंबी असा मुलूख तुडवीत गेला, आणि नोव्हेंबरच्या मध्यास हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ओलांडून तिर्याणीच्या डोंगरांकडे वळला. महिन्याभरात सुमारे ३०० किलोमीटर चाल झाली. वाटेत त्याने पाच गुरे मारली. तो मादीच्या शोधात निघाला असावा, थंडीच्या तोंडावर नर वाघ असे हिंडतात, असे तेलंगणाच्या वनाधिकाऱ्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव 'जॉनी' छापले. किनवटच्या वाघाला हेच नाव मिळावे, हे आम्हांला थोडे खटकले. परंतु बारशाला आपल्यापैकी कोणाला बोलावणे नव्हते.

असो. या वाघाच्या चालीवरून आजचा विषय सुचला. इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे माहूरचा किल्ला, निझामाचे फर्मान किंवा १९४८ चा पोलीस अ‍ॅक्शन उभा राहतो. वाघाला, रानडुकराला, रोह्याला इतिहास असतो, ही कल्पना आपल्याला सहसा शिवत नाही. वाघ आपला वाघच, हजार वर्षांपूर्वी होता तसाच आजही, असे आपण धरून चालतो. हे खरे नव्हे. वाघाची जात तीच असेल, परंतु त्याची वागणूक, त्याची वाट, त्याची उठण्याबसण्याची वेळ ही आपल्या चुलीने, आपल्या गाडीने आणि आपल्या दिव्याने वेळोवेळी बदलून टाकलेली आहे. माणसाने इंधन बदलले की रानाने आपली चाल बदलली. तो बदल कसा झाला आणि आज तो कोणाच्या जिवावर बेतला आहे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम वाघाची वाट पाहू. जॉनी 'महाराष्ट्रातून तेलंगणात' गेला असे आपण म्हणतो. पण १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे वाक्य कोणाला समजलेच नसते. त्या दिवसापर्यंत किनवट हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता. भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडला जोडले गेले. राजुरा काही काळ नांदेडात राहून १९५९ साली चांद्याला गेला. ही रेषा भाषेच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु रानाच्या दृष्टीने किनवट, बोथ, उटनूर, आसिफाबाद, राजुरा आणि पैनगंगेपलीकडचा केळापूर हा सगळा एकच सागवानी मुलूख. त्याच्या उत्तरेला पैनगंगेच्या काठचे अभयारण्य आणि टिपेश्वर, पूर्वेला कवाल आणि ताडोबा. वाघ जिल्हाधिकाऱ्याची सही पाहून चालत नाही. तो ओढ्याच्या काठाने आणि डोंगराच्या कुशीने चालतो. जॉनी आपल्या जुन्या जिल्ह्यातच फिरून आला, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

या मुलखात गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा हे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांचे इंधन म्हणजे वाळलेले लाकूड, आणि त्यांचा उजेड म्हणजे चुलीचा जाळ नाहीतर टेंभा. कोलाम डोंगरउतारावर थोडे रान तोडीत, जाळीत, दोनतीन वर्षे पेरीत आणि पुढे सरकत. रान तुटे, परंतु पुन्हा उठेही. वाघ होता, त्याची भीतीही होती. म्हणून तर वाघाला देव मानण्याची रीत या मुलखात आहे. तथापि माणसाचा दिवस आणि वाघाची रात्र यांची वाटणी एका समजुतीने चालली होती. सूर्य मावळला की माणूस पाड्यात आणि वाघ रानात. जागलीला जाणारा शेतकरी तेवढा अपवाद. तोही मचाणावर बसे, हातात गोफण असे आणि खाली शेकोटी पेटती असे.

ही समजूत प्रथम मोडली ती साग या झाडाने. सागाला भाव आला, सरकारने रानाची मोजणी केली आणि राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. निझामी अमदानीत या रेषा गावांच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. कोलामांची डोंगरशेती बंद झाली, गोंडांच्या जमिनी रेषेच्या आत गेल्या. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम हा गोंड पुढारी याच भांडणात पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे निझाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या भागात पाठविले. आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ साली निघाला. आपल्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादेत होते; ते गोंडी शिकले आणि गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. या मंडळींचे लिखाण वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. रान राखण्याच्या नावाने जे झाले, ते वाघासाठी नव्हते, लाकडासाठी होते. आणि त्याची किंमत रानात राहणाऱ्याने भरली. हे आज मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, 'वाघ वाचवा' म्हणणाऱ्या शहरी माणसाकडे गोंडाचे किंवा कोलामाचे पोर संशयाने पाहते, त्याला ही जुनी आठवण कारण आहे. तो संशय आम्हांला रास्त वाटतो.

लाकडानंतर कोळसा आला. वर्धेच्या खोऱ्यात वरोऱ्याला १८७१ मध्ये खाण सुरू झाली, ती १९०६ पर्यंत चालली. निझामाच्या राज्यात सिंगरेणीला १८८९ मध्ये कोळसा निघू लागला, आणि १९२० नंतरच्या दशकात तो उद्योग बेल्लमपल्लीपर्यंत, म्हणजे किनवटच्या त्या वेळच्या जिल्ह्यातच, येऊन पोहोचला. ताडोबा आणि कवाल यांच्या मधला जो पट्टा, तोच नेमका कोळशाचा पट्टा. जमिनीखाली दगडी कोळसा आणि जमिनीवर वाघाची ये-जा, असा हा योगायोग आहे. जुन्या खाणी भुयारी होत्या. माणसे खाली जात, वर बरेचसे रान शिल्लक राही. पुढे उघड्या खाणी आल्या. वरची सगळी माती उचलून बाजूला टाकावयाची आणि उघड्यावर कोळसा काढावयाचा, ही ती पद्धत. त्या उचललेल्या मातीची टेकाडे उभी राहिली, आणि येथे एक विलक्षण प्रकार घडला.

आपली अपेक्षा अशी की, यंत्रे धडधडू लागली की जनावर पळून जाईल. चंद्रपूरला तसे झाले नाही. तेथील महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एका बाजूला ते केंद्र, शेजारी दुर्गापूरची उघडी खाण, पलीकडे ताडोब्याचे रान. मातीच्या टेकाडांवर आणि केंद्राच्या पडीक जागेत वेड्या बाभळीची दाट झुडपे माजली. त्या झुडपांत रानडुकरे आली, मोकाट गुरे आणि कुत्री होतीच. शिकारी नाही, लाकूडतोड्या नाही, कुंपणाच्या आत बाहेरच्याला मज्जाव. वाघाला आणखी काय पाहिजे? वाघ आणि बिबटे तेथेच राहू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळी संपवून सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला केंद्राच्या आवारातच वाघाने ठार केले, आणि दुसऱ्याच रात्री दुर्गापुरात एका मुलाचा बिबट्याने बळी घेतला. ज्या केंद्राच्या विजेने अर्धा महाराष्ट्र रात्री उजळतो, त्याच्या दारातला कामगार अंधारात मारला गेला.

जनावर उद्योगाला भिते असे सरसकट म्हणता येत नाही, आणि भीत नाही असेही म्हणता येत नाही. ते हिशेब करते. कोठे खायला मिळते, कोठे लपता येते, कोणत्या वेळी माणूस नसतो. या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की जनावराचे वागणे बदलते. याचा एक नमुना आपल्या वाघापासून फार दूर, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळतो. तेथे पवनचक्क्या उभ्या राहून बरीच वर्षे झाल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाखरे आणि सरडे मोजले. २०१८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात ससाणे, घारी अशी शिकारी पाखरे नसलेल्या भागाच्या जवळजवळ चौथा हिस्साच आढळली. पाखरे गेली म्हणून सरडे वाढले. इतकेच नव्हे, तर सरडे निर्धास्त झाले. माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनात, आणि त्यांच्या रक्तातील भीतीचे रसायनही कमी झालेले दिसले. गळ्याखाली निळ्याकाळ्या पंख्यासारखी पिशवी असणारा हा सरडा. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला जे लॅटिन धाटणीचे नाव दिले, ते आपला मराठी शब्दच आहे: 'सरडा'. जॉनीच्या नावाने झालेली आमची नाराजी या बातमीने थोडी फिटली. वारा हे सर्वांत निरुपद्रवी इंधन समजले जाते, आणि धुराच्या दृष्टीने ते तसे आहेही. तरी त्याच्या पात्याखाली कोण कोणाला भिते, याचे सगळे गणित पालटले. बीड आणि धाराशिवच्या माळांवर आज ज्या पवनचक्क्या फिरत आहेत, त्यांच्याखाली काय पालटले, हे मोजण्याजोगे आहे.

आता पाण्याकडे येऊ, पण फार थांबू नये. त्याचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. मराठवाड्यात पूर्णेवरच्या येलदरी धरणातून १९६० नंतरच्या दशकात जलविद्युत निघाली. पैनगंगेवर इसापूरचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. त्याचा उद्देश मुख्यतः सिंचन. धरणाच्या वर पाणी साठले, कालव्याखालची शेते हिरवी झाली. आणि खाली सहस्रकुंडापासून किनवटपर्यंत नदीचे उन्हाळ्यातले पाणी हे माणसाच्या हातातल्या दारावर अवलंबून राहू लागले. इसापूरचे पाणी नदीत सोडा, अशी काठच्या गावांची मागणी दर उन्हाळ्यात ऐकू येते. नदीचे डोह आटले की जनावरापुढे दोनच ठिकाणे उरतात: वनखात्याचा पाणवठा आणि शेतकऱ्याची विहीर. हरिण आणि डुक्कर शेताकडे वळते, त्याच्यामागे बिबट्या, आणि त्याच्यामागे कधीमधी वाघ. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे बागायती शेतीत, जेथे मोठे रान नाही, तेथे १०० चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास बिबटे राहतात, असे विद्या अत्रेय यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दिसले. जुन्नरकडे बिबट्या उसाच्या फडात जन्मतो आणि तेथेच म्हातारा होतो. पाणी गेले तेथे पीक गेले, पीक गेले तेथे जनावर गेले.

आणि मग येते वीज. कोळसा, वारा, पाणी यांच्या गोष्टी दूरच्या होत्या. विजेची गोष्ट मात्र आपल्या बांधावरची आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव खांब गेले. शेतकऱ्याला मोटार मिळाली, बैलाची मोट सुटली. हा उपकार कोणी नाकारू नये. मोट ओढून बैलाच्या खांद्याला पडलेले घट्टे ज्यांनी पाहिले आहेत, ते तर मुळीच नाकारणार नाहीत. परंतु वीज पुरेशी नव्हती. शहरे आणि कारखाने यांची गरज दिवसा, संध्याकाळी. मग शेतीच्या वाट्याला काय? आठवड्याची पाळी ठरली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. रात्रीची पाळी आली की 'लाईन' बाराला येवो की दोनला, शेतकऱ्याने उठून रानात जावयाचे, मोटार सुरू करावयाची आणि पहाटेपर्यंत दारे धरावयाची. डोक्याला मफलर, हातात विजेरी, पायांत चिखल. साप किती जणांना चावले, याची गणती विजेच्या कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

याच काळात जनावर कोठे होते? तेही रात्रीत शिरले होते. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतील ६२ सस्तन प्राण्यांच्या जातींचे ७६ अभ्यास एकत्र करून त्याच्या लेखकांनी पाहिले. जेथे माणसाचा वावर वाढला, तेथे प्राणी आपली कामे दिवसाकडून रात्रीकडे ढकलतात. जो प्राणी पूर्वी निम्मे दिवसा आणि निम्मे रात्री हिंडत असे, तो माणसाजवळ ६८ टक्के रात्रीच हिंडू लागतो. मग तो माणूस शिकारी असो, शेतकरी असो की नुसता फिरावयास आलेला असो. म्हणजे जनावराने आपल्याशी तंटा टाळण्याचा जो शहाणपणाचा मार्ग होता, तो पत्करला. माणसाचा दिवस त्याने माणसाला सोडून दिला. आणि नेमक्या त्या वेळी आपण आपल्या शेतकऱ्याला दिवसातून उठवून रात्रीत पाठविले. वाघाने जुनी वाटणी पाळली. मोडली ती विजेच्या वेळापत्रकाने.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जॉनी निघाला तो ऑक्टोबरच्या अखेरीस. सोयाबीन निघालेले असते, कापूस फुटलेला असतो, हरभरा पेरावयाचा असतो. रब्बीला पाणी देण्याच्या रात्री याच. नर वाघाने मादी शोधत लांब चालण्याचे महिने हेही याच सुमाराचे. वाघाचे पंचांग आणि शेतकऱ्याचे पंचांग एकाच पानावर येते, आणि ते पान रात्रीचे असते.

मराठवाड्यातून वाघ हिंडतो हे केवळ किनवटपुरते समजू नये. टिपेश्वरच्या अभयारण्यात जन्मलेला एक नर, ज्याला पुढे 'वॉकर' म्हणू लागले, त्याच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओपट्टा बांधला होता. जूनमध्ये तो बाहेर पडला, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम अशी चाल करीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याने सुमारे तीन हजार किलोमीटर तुडविले. पट्ट्याने दिलेल्या खुणांवरून समजले की, तो बहुतेक रात्री चाले आणि दिवसा झुडपात, ओढ्याच्या काठी पडून राही. शेकडो गावांच्या शिवारातून तो गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. माणसाला इजा झाल्याचा प्रसंग एकच घडला. तोही लोक त्याच्या झुडपात शिरले तेव्हा. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. टिपेश्वर ते येडशी म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर, आणि मधला सगळा मुलूख शेतांचा, रस्त्यांचा, तारांचा. ज्या भागात वाघ ही आजोबांच्या गोष्टीतली वस्तू झाली होती, तेथील माणसे सकाळी वर्तमानपत्र उघडून चकित झाली. त्याला पकडून सह्याद्रीत सोडण्याचे ठरले, पथके आली, पण महिने लोटले तरी तो हाती लागला नव्हता.

हे वाघ का निघतात? संख्या वाढली म्हणून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारीला मिळालेला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा, यांचे ते फळ आहे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. टिपेश्वरचे क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरच्या जवळपास. तेवढ्यात किती नर नांदणार? वयात आलेला नर बापाशी भांडून मरावयाचा नसेल, तर निघतो. त्यात अनैसर्गिक काही नाही. अनैसर्गिक आहे ती त्याच्या वाटेवरची तार.

विजेची तार शेताभोवती सोडण्याची चाल कोठून आली, हे सांगावयास नको. रानडुक्कर एका रात्रीत मक्याचा किंवा भुईमुगाचा वावरच्या वावर उधळते, आणि रोह्यांचा कळप हरभऱ्यावर बसला की सकाळी काडीही राहत नाही. नुकसानभरपाईचे कागद महिनोन् महिने फिरतात. मग कोणी खांबावर आकडा टाकतो आणि उघडी तार बांधावरून फिरवतो. डुकरासाठी सोडलेल्या तारेला डूक कळत नाही आणि वाघही कळत नाही. शेजाऱ्याचे पोरही कळत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात 'श्रीनिवास' हा वाघ अशाच तारेला लागून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो मुलगा, आणि त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा होता. म्हणून तरी कळले. पट्टा नसलेल्यांचे काय होते, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

ही तार बेकायदेशीर आहे, आणि सोडणाऱ्यावर गुन्हा होतो. तो झालाच पाहिजे, कारण त्या तारेने माणसेही मेली आहेत. परंतु गुन्हेगार एवढाच आहे काय? येथे आमचे मत आम्ही लपवीत नाही. शहरात पंख्याखाली बसून वाघाच्या मरणावर हळहळणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात हिस्सा आहे. दिवसाची वीज आपण घेतली आणि रात्रीची शेतकऱ्याला दिली. शेतकरी रात्री रानात नसता, तर डुकराला हाकायला दिवसा मोकळा राहिला असता; रात्रभर दारे धरून दिवसा झोपणारा माणूस शेवटी पहारा तारेवर सोपवतो. तारेऐवजी सौर झटक्याचे कुंपण मिळते, त्याचा धक्का बसतो पण जीव जात नाही. त्यासाठी सरकारी अनुदानही आहे. परंतु ते शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचावयास हवे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्याला आता कोठे पट्टा मिळाला, त्या कोलामालाही ते मिळावयास हवे.

दिवसा वीज द्या, ही मागणी आता सर्वत्र आहे. जुन्नर भागात ती बिबट्याच्या भीतीने झाली. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. शेतीच्या वाहिन्यांना सूर्याची वीज दिवसा द्यावयाची, असा तिचा हेतू. त्या टप्प्यातील पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावला २०२४ साली सुरू झाला. या योजनेचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या दिवशी किनवटच्या शेतकऱ्याला रात्री उठावे लागणार नाही, त्या दिवशी वाघाची रात्र वाघाला परत मिळेल, आणि ते काम कोणत्याही अभयारण्याच्या फलकाने झाले नसते.

तथापि एक शंका राहतेच. या योजनेला जमीन लागते, आणि सरकारला सोपी जमीन म्हणजे गायरान, माळ, पडीक. कागदावर 'पडीक' लिहिलेल्या जमिनीवर आमच्या समजुतीप्रमाणे काहीच नसते. प्रत्यक्षात तेथे गावाची गुरे चरतात, लांडगा पिले घालतो, काळवीट उभे असते, तित्तिर अंडी घालतो. बंजाऱ्याच्या तांड्याची आणि धनगराच्या मेंढरांची तीच चराई. त्यावर तारेचे कुंपण घालून काचेचे तक्ते मांडले, तर वाघासाठी मोकळी केलेली रात्र लांडग्याच्या दिवसातून वसूल केल्यासारखे होईल. मार्ग नाहीत असे नाही: सरकारी इमारतींची छपरे, कालव्याच्या वरची जागा, धरणाचे पाणी, खाणीची ओसाड टेकाडे. ही ठिकाणे महाग पडतात, असे उत्तर मिळते. महाग कोणाला, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो, आणि गायरानाचा विषय निघेल तेव्हा तो विचारण्यासाठी हजर राहिले पाहिजे.

ऑक्टोबर दरवर्षी येतो. हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक त्याच सुमारास लागते. यंदा ते लागेल तेव्हा आपल्या फीडरपुढे वेळ दिवसाची लिहिली आहे की रात्रीची, हे किनवट, मांडवी, इस्लापूर, बोधडीच्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहून घ्यावे; आणि शहरातल्यांनीही एकदा वाचून पाहावे. बोथकडे जाणारी वाट त्याच शिवारांतून जाते.